दोन मात्रांचा डबा

मी शाळेचा डबा बोलतोय. खरं तर शाळा मी फार थोडी पाहिली. पण ज्या कामासाठी डबा घेतात तीच त्याची ओळख, म्हणून शाळेचाच म्हणा. स्टीलचा, गोल, अंगाने बसका. दोन बाजूंना कड्या आणि आत भाजीसाठी एक छोटी वाटी. दिसायला बरा आहे. हे मीच सांगतोय, कारण दुसरं कोणी सांगायला उरलेलं नाही.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. सपाट पत्र्यावर काहीतरी जड आदळलं आणि मी खोलगट झालो, एवढंच. शुद्धीवर आलो तो शहापूरच्या बाजारातल्या एका भांड्यांच्या दुकानात. शेजारी प्लास्टिकचे डबे होते, गुलाबी, निळे, झाकणावर कार्टून. पोरं यायची ती थेट त्यांच्याकडे धावायची, आणि आया त्यांना बखोटीला धरून आमच्याकडे आणायच्या. डबा निवडताना माणसं काय काय करतात! कोणी झाकण नाकाला लावून वास घेई, कोणी उगाच कड्यांची उघडझाप करत बसे. एका बापाने तर मला टोपीसारखं डोक्यावर घालून पाहिलं आणि भर दुकानात बायकोची बोलणी खाल्ली.

रत्ना आली ती शाळा उघडायच्या आधीच्या बाजाराला. सापगावच्या पुढे एका वाडीत तिचं घर. बरोबर तिची मुलगी हर्षाली होती. गावच्या शाळेत आठवीपर्यंत दुपारची खिचडी मिळायची, त्यामुळे त्या घरात शाळेचा डबा असा कधी नव्हताच. आता नववीला शहापुरात यायचं म्हणजे डबा हवा. त्या घरातून नववीला जाणारी ही पहिलीच मुलगी.

रत्नाने पिशवीतून फडक्यात गुंडाळलेली तांदळाची भाकरी काढली. घरून आणलेली! ती भाकरी ती एकेका डब्यात घालून बघायला लागली. दुकानदार बघतच राहिला. हर्षालीने लाजून तोंड फिरवलं.

“आई, काय करते? लोक बघतात ना.”

“बघू दे. भाकर मोडली का तिचा चुरा व्हतो. मग दुपारी काय, चिमटीनं खाशील?”

गुलाबी डब्यात भाकरी दुमडावी लागली. उभ्या डब्यात ती बसेचना. माझ्यात मात्र ती अशी अलगद टेकली की मलाच धन्य वाटलं. मग तिने माझ्यात पाणी भरलं, कड्या लावल्या आणि मला उलटं धरलं. थेंब गळला नाही. “ह्योच,” ती म्हणाली.

आमच्याकडे भांडं नावाशिवाय घरात येत नाही. लग्नाकार्याला भांडी या घरून त्या घरी फिरतात. नाव नसेल तर परत येत नाहीत. दुकानाच्या पायरीवर महिपत नाव घालायचं मशीन घेऊन बसायचा. त्या दिवशी सकाळपासून तो कुणाच्या तरी तेराव्याची ताटं करत होता. प्रत्येक ताटावर तेच: कै. अमुक यांच्या स्मरणार्थ.

“कुमारी हर्षाली सुदाम धानके,” रत्ना म्हणाली. “झोकात घाल रे भाऊ.”

महिपतने मान डोलावली. त्याची सुई टर्र करत माझ्या अंगावरून फिरली आणि मला नुसत्या गुदगुल्या झाल्या. त्याच्या मनात कु. असणार, पण हाताला सवय लागली होती. हाताने कै. लिहिलं. खालचा उकार गेला, वर दोन मात्रा आल्या. जित्याजागत्या मुलीची कैलासवासी झाली आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही; हर्षाली तर अजून लाजून दुसरीकडेच बघत होती. रत्नाने अक्षरांवरून बोट फिरवलं, ‘हर्षाली’ एवढं लावून वाचलं आणि ती खूश झाली. माणसं जे वाचायचं ठरवून येतात तेच वाचतात.

शाळेत पहिल्याच दुपारी शेजारच्या काजलने ते वाचलं. “अगो, ही बघा कैलासवासी हर्षाली! स्वर्गातून अप-डाऊन करते!” सगळ्या पोरी खिदळल्या. हर्षालीही हसली; पण तिने त्या अक्षरांवर तळहात ठेवला आणि जेवण संपेपर्यंत उचलला नाही. पुढे रोज ती तशीच जेवायची, एक हात माझ्यावर झाकून. तिच्या हाताला घाम यायचा तो मला कळायचा. घरी तिने सांगितलं नाही. ज्या आईने भाकरी घेऊन बाजारभर डबा शोधला, तिला हे कसं सांगणार? मला फार वाईट वाटायचं. माझ्याच अंगावरची अक्षरं, आणि ती मला झाकताही येत नव्हती.

भाद्रपदात हर्षालीला हिवताप आला. अंग फणफणलेलं, दातावर दात वाजणारे. चौथ्या दिवशी काजल तिला अभ्यास द्यायला आली. रत्ना मोरीत मला घासत होती. काजल सहज बोलून गेली, “काकू, हाच ना तो कै.चा डबा?”

रत्नाचा हात थांबला. हर्षालीचा बाप सुदाम वाशिंदच्या कंपनीतून नुकताच आला होता. त्याने मला दारात उजेडाला धरलं आणि मोठ्याने वाचलं: कै. हर्षाली.

मग सुदामच्या आईचा, बारकी आजीचा, तोंडाचा पट्टा सुरू झाला. “जित्या पोरीला कै. लावला? मंग ताप येल नाय तं काय! फेका तो डबा. नि शाळा बी बंद करा. आपल्यात कोन गेलं व्हतं एवढं शिकाया? ती शाळाच बाधली पोरीला.”

फेका म्हणणं सोपं होतं. पण उकिरड्यावर टाकायचा, तर पोरीचं नाव उकिरड्यावर. भंगारात घालायचा, तर तिचं नाव मोडीत. दुसऱ्याला द्यावा, तर घेणार कोण? सुदाम म्हणाला, “पॉलिशपेपर आनतो, घासून काढतो नाव.” रत्नाने मला त्याच्या हातातून हिसकावलं. “पोरगी तापानं जळते नि तुमी तिचं नाव पुसता?” तो म्हणाला, “मंग महिपतकडून दुरुस्त करून आनू.” त्यावर तर ती कळवळलीच. “त्याची सुई पुन्यांदा माझ्या पोरीच्या नावावर? नाय, नाय.”

असा मी फळीवर पालथा पडलो. वापरायचा नाही, टाकायचा नाही, द्यायचा नाही, पुसायचा नाही. सरकारी दवाखान्यातल्या गोळ्यांनी ताप उतरला, पण हर्षालीची शाळा काही सुरू होईना. आजी उंबऱ्याशी बसलेली असायची. हर्षाली पाणी भरायची, भाकऱ्या थापायची, आणि खुंटीवरचा गणवेश काढून, झटकून, पुन्हा खुंटीला लावायची. तिला कोणी बाहेर सोडत नव्हतं आणि मला कोणी हात लावत नव्हतं. मला ओरडावंसं वाटायचं, अरे, दोन मात्रा आहेत नुसत्या! पण डब्याला तोंड असलं तरी ते बोलण्यासाठी नसतं.

एक दिवस हर्षालीचा धीर सुटला. “आजी, कै. एकदाच लागतं ना माणसाला? माझं लागून गेलं. आता मला काय होतंय? जाऊ दे ना शाळेत.”

“गप गो, तोंडाला काय लगाम हाय का नाय!” रत्ना ओरडली. ओरडली खरी, पण ओरडतानाच तिला हसू फुटलं, आणि हसता हसता ती पदर तोंडात धरून रडायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला फळीवरून उतरवलं. धुतलं, पुसलं, आत काही न घालताच दोन्ही कड्या लावल्या. आपल्या लग्नातल्या लुगड्यात गुंडाळून पत्र्याच्या पेटीत तळाशी ठेवलं. कुलूप लावताना ती सासूला म्हणाली, “आत्या, जे काय वाईट व्हतं ते ह्या डब्यावर लिवलेलं व्हतं. आता ते कोंडलं मी. ते ह्यात हाय तवर माझ्या पोरीला काय बी व्हनार नाय. ती शाळंत जाईल.”

आजीचंच म्हणणं आजीपुढे ठेवलं होतं. रत्नाचा त्यावर खरोखर विश्वास होता, की सासूला गप्प करायची ती युक्ती होती? मी विचार करून थकलो. मला वाटतं, दोन्ही.

तेव्हापासून मी इथे आहे. डांबरगोळ्यांचा वास आणि मिट्ट काळोख. सुरुवातीला मी फार चिडलो. माझं काय चुकलं होतं? भाकरी मोडू दिली नाही, रस्सा सांडू दिला नाही, आणि शिक्षा मला! हर्षाली आता प्लास्टिकचा गुलाबी डबा नेते. झाकण लावल्याचा ‘टक’ आवाज इथपर्यंत येतो आणि माझा जळफळाट होतो. भाकरी दुमडूनच घालत असणार.

दिवाळीच्या साफसफाईत सुदामने पेटी पुढे ओढली. “काढू का आता ह्याला? भाकर नीट राहील पोरीची.” माझा जीव नुसता कड्यांत आला. रत्नाचा हात कुलपाकडे गेला. तेवढ्यात उंबऱ्याशी आजी खाकरली. “ऱ्हाऊ द्या,” रत्ना हळूच म्हणाली. “दहावी व्हऊ दे.” पेटी पुन्हा भिंतीला लागली.

तुमच्यातला कोणी शहाणा माणूस उद्या त्या घरी येईल आणि म्हणेल, असलं काही नसतं, काढा तो डबा बाहेर. नसतंच. दोन मात्रांनी कोणी मरत नाही, हे माझ्याहून जास्त कोणाला ठाऊक असणार? तरीही हात जोडतो, ते कुलूप काढायला सांगू नका. रोज सकाळी बाहेरून आवाज येतो, “येते गो आई!” तो ऐकला की मी इथे अंधारात माझ्या दोन्ही कड्या आणखी घट्ट धरतो.