मी खोडायला लावलेले शब्द

मित्रांनो, मी लेखनाच्या नियमांचं एक जुनं पुस्तक आहे. खरं तर तोंड दाखवायची लाज वाटते, पण सांगितल्यावाचून राहवत नाही.

वाहाका शहराच्या चौकात, कमानींखाली डॉन एव्हारिस्तो (तिकडचं 'डॉन' म्हणजे आपलं 'राव') टाइपरायटर घेऊन बसत आणि अडाण्यांची पत्रं लिहून देत. त्यांनी मला जुन्या बाजारातून आणलं. केवढा माझा तोरा! एक शब्द दोनदा लिहू नये, 'आणि'ने वाक्य सुरू करू नये, मुद्दा सोडू नये, भावना आवरून धरावी. कचेरीतले कारकून त्यांच्या अर्जांची वाहवा करत आणि इकडे मी फुगत असे.

एका सकाळी चटया विणणारे सिरिलो आले. छातीच्या दुखण्यानं पार खचले होते. त्यांचा मुलगा नाबोर सात वर्षांपूर्वी भांडून उत्तरेला गेला होता. बापानं स्वतः बोलावल्याशिवाय उंबरा चढणार नाही, असं बजावून गेला होता. सिरिलोंनी टोपी मांडीवर ठेवली.

"लिहा. ये रे पोरा, ये. मी चुकलो. आणि तुझी चटई मी अजून कुणाला दिली नाही. आणि मीच चुकलो. ये रे."

डॉन एव्हारिस्तोंनी कागदावर उतरवून घेतलं आणि मला उघडलं. 'चुकलो' दोनदा कशाला? चटईचा इथं काय संबंध? मी सांगत गेलो, ते खोडत गेले. शेवटी टाइप झालं ते एवढंच: 'प्रिय मुला, झाल्या प्रकाराबद्दल खेद वाटतो. प्रकृती बरी नसते. सवडीने यावे.'

रिवाजाप्रमाणे पत्र वाचून दाखवलं. सिरिलो कानकोंडे झाले.

"हे कुणा मोठ्या माणसाचं वाटतंय हो. पोराला मी ओळखू येईन ना यात?"

पुस्तकाबरहुकूम आहे, काळजी नको, असं डॉन एव्हारिस्तो म्हणाले. शिकलेल्या माणसापुढं म्हातारा काय बोलणार? त्यानं अंगठा उठवला.

नाबोरला वाटलं, बाप असं बोलत नाही, हे कुणा नातेवाइकानं परस्पर लिहवून घेतलंय. तो आलाच नाही. आला तो बाप गेल्यावर, घरी नऊ दिवसांची प्रार्थना चालू असताना. मग चौकात येऊन डॉन एव्हारिस्तोंच्या टेबलावर पत्र ठेवून त्यानं विचारलं, बाप नेमकं काय बोलला होता? डॉन एव्हारिस्तोंनी खाली मान घालून सगळं सांगितलं, चटईसकट.

"'ये' किती वेळा म्हणाला?"

"तीन वेळा."

"मग यात एकदाच कसं?"

उत्तर मी द्यायला हवं होतं. त्या दिवशी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मित्रांनो, माझे नियम शिका, अर्जाविनंत्यांना ते उपयोगी पडतात. पण कुणी जीव तोडून सांगत असेल, तेव्हा मला खुशाल मिटून ठेवा. तो तीनदा म्हणाला, तर तीनदाच लिहा.