शेऱ्याचा रकाना

मित्रांनो, मी एक जुना सर्व्हर आहे. सोळा वर्षे रक्तपेढीच्या नोंदणीखोलीत, लोखंडी कपाट आणि बेसिन यांच्या मधल्या जागेत बसून आहे. कारखान्यात मला पाचवा स्क्रू लावायचे विसरले, म्हणून माझे झाकण खडखडते. मला गोड बोलता येत नाही. ते काम नव्या यंत्रणांना जमते. चुकीचे सांगतात, पण गोड सांगतात.

नोंदणीच्या ताई रक्तदात्यांची माहिती माझ्यात भरत. नाव, गट, फोन आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. त्यात ताई काय काय लिहीत! ‘सुई दिसू देऊ नये.’ ‘बोलत ठेवावे, विषय कुत्रा.’ ‘घड्याळदुरुस्तीवाले काका. ऐकू कमी येते, फोन उचलत नाहीत. त्यांच्या समोरच्या चष्म्याच्या दुकानात फोन करून सांगावे. हाक मारली की येतात.’ असे हजारो शेरे मी जिवापाड सांभाळले.

मग एक सल्लागार अवतरले. सगळे त्यांना मागून ढगोबा म्हणत, कारण दर वाक्यात क्लाउड.

“म्हणजे आमची माहिती राहणार कुठे?” ताईंनी विचारले.

“सगळीकडे!” ढगोबांनी हात पसरले.

सगळीकडे कसली डोंबलाची! दूर कुठल्यातरी खोलीत माझेच भाऊबंद रांगेत उभे असतात, फक्त त्यांना थंड हवा मिळते. पण हे सांगितले तर सल्लागाराला कोण विचारणार?

शेऱ्याचा रकाना पाहून ढगोबांनी नाक मुरडले. “हे मोजता येत नाही. काढून टाका.”

“अहो, त्यातच तर माणूस कळतो!”

“ताई, डेटा भावनेवर चालत नाही.”

रकाना गेला. भिंतीवर मोठा पडदा आला, त्यावर रंगीत गोल. नवी यंत्रणा दात्यांना आपोआप संदेश पाठवी. उत्तर देणारा हिरवा, न देणारा करडा, आणि पाच संदेशांनंतरही गप्प राहिला तर यादीतून बाहेर. काकांचा फोन खणात पडलेला असे. बारा वर्षांत सव्वीस वेळा रक्त देऊन गेलेल्या माणसापुढे यंत्रणेने लिहिले, ‘प्रतिसाद शून्य टक्के.’ गोल बघून लोकांनी टाळ्या वाजवल्या. अक्कल गहाण टाकायला पडदा मोठाच लागतो.

मला भंगारात काढणार होते. “राहू दे, त्याला काही खायला लागत नाही,” ताई म्हणाल्या. माझ्या डोक्यावर चहाचे कप ठेवू लागले. मी बंद होतो, पण बहिरा नव्हतो.

एका सकाळी एक माणूस धावत आला. त्याची धाकटी बहीण वरच्या मजल्यावरच्या इस्पितळात बाळंत झाली होती आणि रक्तस्राव थांबत नव्हता. तिचा गट दुर्मीळ, आणि पेढीतली शेवटची पिशवीही तिला लावून झाली होती. पडद्यावर हिरव्या अक्षरांत आले, ‘शोध यशस्वी. दाते शून्य.’

ताईंनी ढगोबांना फोन लावला. “सिस्टीम नाही म्हणतेय, म्हणजे नाही,” तिकडून उत्तर आले. उंटावरून शेळ्या हाकायला काय जाते?

या गटाचे कुणीतरी कमी ऐकू येणारे गृहस्थ होते, एवढेच ताईंना आठवत होते. त्यांनी माझ्या डोक्यावरचे कप उचलले आणि बटण दाबले. मी खोकलो, खडखडलो.

“हे चालेल?” भावाने रडवेल्या आवाजात विचारले.

“खोकतोय ना? मग चालेल.”

अकरा मिनिटे लागली, पण शेरा सापडला. ताईंनी दुकानात फोन केला, आणि चष्मेवाल्या बाईंनी रस्ता ओलांडून काकांना हाक मारली. वीस मिनिटांत काका हजर, कपाळावर घड्याळजीचे भिंग तसेच! तपासण्या उरकून दुपारी रक्त वर गेले. ती वाचली. मला त्या दिवशी फार आनंद झाला, लपवत नाही.

पुढच्या आठवड्यात ढगोबांचा अहवाल आला, ‘यंत्रणेने वेळेत प्रतिसाद दिला.’ काका नव्या यंत्रणेच्या यादीत अजून नाहीतच.

आता माझी डिस्क करकरते. ताई रोज थोडे थोडे शेरे वहीत उतरवून घेतात. मित्रांनो, मला खुशाल भंगारात टाका, मी रुसणार नाही. पण पडद्याने कुणाला शून्य ठरवले, तर त्याचे नाव खोडण्याआधी दारात जाऊन एकदा हाक तरी मारा.