छातीत कुठे?

आईच्या तेराव्याची सूचना सोसायटीच्या ॲपने पुन्हा परत पाठवली. ‘मजकुरात अयोग्य शब्द आहे.’

संपदाने सरळ लिहिलं होतं. आई स्तनांच्या कर्करोगाने गेली, रविवारी तेरावं आहे, आणि बायकांनो, गाठ हाताला लागली तर लपवू नका. ‘स्तन’ काढून तिने ‘ब्रेस्ट’ घातलं. तेही ॲपला चालेना. शेवटी तिने मिनलला फोन लावला. मिनल म्हणजे सेक्रेटरींची बायको. ॲपचं सगळं तीच बघायची.

“अगं, ते ऑटोमॅटिक आहे. मागे पोरांनी घाणेरडे जोक टाकले ना, तेव्हा कमिटीने असले शब्द ब्लॉक केले.”

“हा जोक आहे का, मिनल?”

“तसं नाही गं. छातीचा कॅन्सर लिही, लगेच जाईल. समजणारे समजतात.”

छातीत दुखतंय, हेच तर आई वर्षभर सांगत होती. छातीत कुठे, असं गोडदेव नाक्यावरच्या डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा आईने पदरावरून हात फिरवला, बाबांकडे पाहिलं आणि म्हणाली, इथेच, मध्ये. मग ईसीजी झाला. ॲसिडिटीच्या गोळ्या झाल्या, तळलेलं बंद झालं. हार्ट ठणठणीत आहे म्हणून बाबांनी पेढे आणले. गाठ पदराआड वाढत राहिली.

“नाहीतर स्टार टाक ना एखाद्या अक्षराच्या जागी,” मिनल म्हणाली. “पोरं शिव्या तशाच लिहितात. फिल्टरला कळत नाही.”

संपदाने टाकून पाहिला. आईच्या आजाराचं नाव खरंच शिवीसारखं दिसायला लागलं. तिने ते पुसलं.

संपदाचे बाबा, महिपतराव, खुर्चीतून सगळं ऐकत होते.

“कशाला हट्ट करतेस? आजाराने गेली, एवढंच लिही. बिल्डिंगमधले पुरुषपण वाचतात. तुझ्या आईला आवडलं असतं का?”

“नसतंच आवडलं, बाबा. म्हणून तर डॉक्टरलाही सांगितलं नाही तिने.”

महिपतराव म्हणाले, “मला तरी कुठे सांगितलं?”

संपदाने फोन ठेवला. दहावं होऊन गेलं होतं, सुतक फिटलं होतं. दारोदार जाऊन तोंडाने सांगू, म्हणत तिने चपला घातल्या.

पहिलं दार शेजारच्या शालूचं.

“रविवारी ना? येणार गं आम्ही. पण काकूंना एकदम काय झालं? सगळे हार्टचं म्हणतायत.”

“छा...” संपदाच्या तोंडून तेच निघालं. सकाळपासून ज्या शब्दासाठी ती भांडत होती, तो तिने स्वतः मोठ्याने कधी उच्चारलाच नव्हता.

“स्तनांचा कॅन्सर.”

जिन्यात ते जरा जोरातच घुमलं. वर चाललेले एक गृहस्थ थबकले, मग खाली बघत भराभर पायऱ्या चढून गेले.

शालूने ओढणी सावरली. टीव्हीसमोर बसलेल्या सासऱ्यांकडे एकदा वळून पाहिलं आणि संपदाचा हात धरून तिला किचनमध्ये नेलं. नळ सोडला. पाण्याच्या आवाजात तिचं बोलणं जेमतेम ऐकू येत होतं.

“आणि गाठ दुखतच नसेल, तर?”