उजव्या हाताला मीठ

मी दिंद्रुडला बसस्टँडमागं कंप्युटर दुरुस्तीचं दुकान चालवते आणि फावल्या वेळात लिनक्सची बाजू घेऊन भांडते. या दोन्ही कामांत माझा हात धरणारं गावात कुणी नाही, असं मला गेल्या दिवाळीपर्यंत वाटत होतं.

गिऱ्हाइकाला मी सोपं करून सांगते. कंप्युटर म्हणजे नुसता पत्रा आणि तारा. तो चालू केला की पडद्यावर एक घर उघडतं, त्यात दारं, खिडक्या, कोनाडे, फळ्या. ते घर म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम. विंडोज हे एक घर, मॅक दुसरं, लिनक्स तिसरं. कुणाला कोणतं घर आवडतं त्यावरून मला माणूस ओळखता येतो, असं मी मोठ्या तोऱ्यात सांगायची.

दिवाळी सरली आणि मन्मथप्पा स्कूटरवर पायापाशी कंप्युटरचा डबा ठेवून आले. बाजारपेठेत त्यांचं किराणा आणि बियाण्याचं दुकान, घर त्याच्याच मागं. कपाळावर विभूतीचे ताजे पट्टे आणि तोंडावर काळजी.

"शिवकन्या, हे लई दमलंय गं. चालू करावं, चहा पिऊन यावं, तरी ह्याचं गोल गोल फिरणंच चालू."

"आप्पा, ह्याचं वय झालं. ह्यातल्या विंडोजला आता नवी डागडुजीबी मिळायची न्हाई. लिनक्स टाकू. फुकट हाय, हलकं हाय, अजून धा वर्सं पळंल."

"विंडोजच ऱ्हाऊ दे की. समद्या गावाकडं तेच हाय. अडलं तर कुणालाबी विचारता येतंय."

"अडल्यावर तुमी मलाच विचारता, आप्पा."

ते हसले आणि त्यांनी पुण्याला मुलाला फोन लावला. राजेश्वर फोनच्या पडद्यावर आला, मागं त्याच्या कंपनीची काचेची भिंत. तो म्हणाला, "दोन्ही नको. मी आईला मॅक पाठवतो. एकदा घेतलं की बघायला नको. उघडलं तरी डोळ्याला बरं वाटतं." आईला आता धड दिसत नाही हे आठवलं तसा तो घाईनं किमतीवर आला.

पाऊण तास आम्ही तिघं भांडलो. आज शांतपणे आठवते तेव्हा वाटतं, कंप्युटरबद्दल आमच्यापैकी कुणीच बोलत नव्हतं. आप्पांना सोबत हवी होती, गावाच्या घोळक्यात राहायचं होतं. राजेश्वरला येणं जमत नव्हतं, म्हणून काहीतरी सुंदर पाठवायचं होतं. आणि मी? माझे आई-बाप ऊसतोडीला जायचे. पाचवीत मला हंगामी वसतिगृहात ठेवलं, तिथं कुणीतरी दिलेला एक जुना कंप्युटर होता आणि त्यात लिनक्स होतं. आयुष्यात पहिल्यांदा एका गोष्टीनं मला 'तू कुणाची, कुठली' असं न विचारता आत घेतलं होतं. ते घर मी कशी सोडणार?

राजेश्वरच्या आईला, बसम्माकाकूंना, मात्र आमच्यापैकी कुणी विचारलं नाही. कंप्युटर तर त्यांचा होता.

काकूंच्या नजरेच्या मधोमध चार वर्षांपासून धुकं साचत आलं होतं. अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की कडेचं राहील, मधलं गेलेलं परत यायचं नाही. अक्षरं गेली, माणसांचे चेहरे गेले. "पडदा मला तळ्यावानी दिसतो," त्या एकदा म्हणाल्या होत्या, "कडंकडंनी रंग हलत्यात, मदी काय न्हाई." त्या तळ्यात त्यांनी आपला संसार मांडला होता. हळदीची गाणी, पाळणे, संक्रांतीची गाणी, सगळं त्या एका छोट्या माइकवर स्वतःच्या आवाजात भरून ठेवत. सकाळी डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजा झाली की उजवा हात माउसवर जायचा, मग दुपारपर्यंत त्या घरातून गाणं ऐकू यायचं. गावात बारसं निघालं की बाया पाळणा मागायला त्यांच्याकडे यायच्या. दिसायचं कमी झाल्यावर जी बाई कोपऱ्यात हात बांधून बसली असती, ती त्या एका डब्यामुळं गावाला हवी होती.

शेवटी आप्पा दमले आणि म्हणाले, "कर तुला काय करायचं ते." मी जिंकले.

दोन दिवस लावून काम केलं. काकूंचं एकेक गाणं जपून बाजूला काढलं, जुनं सगळं पुसलं, लिनक्स टाकलं. आणि वर आपल्या मनानं एक उपकार केला. त्यांच्या जुन्या पडद्यावर सगळं विस्कटलेलं होतं, इथं दोन, तिथं तीन, मधेच मोकळी जागा. मी सगळी गाणी एका रांगेत, अकारविल्हे, ओळीनं लावली. नवी सून पहिल्याच दिवशी सासूची मांडणी घासूनपुसून आपल्या पद्धतीनं लावते ना, अगदी तशी. आणि शाबासकीची वाट बघत बसले.

तिसऱ्या दिवशी आप्पा आले ते दुकानात बसलेच नाहीत. "चल जरा घरी," म्हणाले. "ती कंप्युटरला हात लावीना."

काकू खिडकीपाशी बसल्या होत्या. कार्तिकातलं दुपारचं ऊन त्यांच्या मांडीवर पडलं होतं आणि दोन्ही हात त्या उन्हात स्वस्थ ठेवलेले होते. स्वस्थ हात त्या घरात मी कधी बघितलेच नव्हते.

"चांगलं केलंस गं तू," त्या म्हणाल्या. "लवकर चालू होतंय. पण मी पाळणा लावाया गेले आन् भलतंच लागलं. परत गेले, परत भलतंच. दुसऱ्याच्या घरात शिरल्यावानी वाटलं. म्हनलं, ऱ्हाऊ दे."

त्या रागावल्या असत्या तर मी भांडले असते. भांडण मला येतं. हे 'राहू दे' मला झेपेना.

"काकू, मला सांगा, आधी काय कुठं होतं? मी परत तसंच लावते."

"सांगता येत न्हाई गं. मला दिसत थोडंच होतं? हाताला म्हाईत हाय. माउसचा बाण वरच्या कोपऱ्यात नेऊन थटवायचा आन् तिथून हात जातो."

जुनं सगळं मी स्वतःच्या हातानं पुसलेलं. फोटो नाही, खूण नाही. मी तिथंच खाली मान घालून बसले. डोळ्यांत पाणी आलं आणि ते काकूंना दिसणार नाही याचं मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाज वाटली.

"रडती कावून?" काकू म्हणाल्या. "थांब, चहा टाकते."

त्या उठल्या. भिंतीला हात न लावता सरळ स्वयंपाकघरात गेल्या. मी उंबऱ्यात उभी राहून बघत होते. भिंतीवर मांडणी, तीन फळ्यांची, पितळी आणि स्टीलचे डबे. बघणाऱ्याला ती विस्कटलेलीच वाटली असती, इथं दोन डबे, तिथं तीन, मधेच मोकळी जागा. काकूंचा हात वर गेला, मांडणीच्या डाव्या कोपऱ्याला टेकला, तिथून दोन डबे सरकला आणि गुळावर थांबला. पुन्हा कोपरा, मग एक फळी खाली, चहापत्ती. कुठं चाचपणं नाही, घाई नाही. उन्हाच्या कवडशात तो हात पाण्यातून चालल्यासारखा चालला होता आणि मला एकदम झोपेत असल्यासारखं झालं.

मला माझी आई दिसली. भिवराबाई. ऊसतोडीच्या रानात दरवर्षी नवी कोपी असते, पाचटाची आणि ताडपत्रीची झोपडी. एक वर्ष कराडकडं, एक वर्ष कर्नाटकात. गाडीतून उतरलं की बाप धोंडीराम बांबू रोवायचा आणि आई आत जाऊन आधी बसायची. नुसतीच. मग चुलीचे तीन दगड मांडायची, उजव्या हाताला मीठ, त्याच्या मागं तेलाची बाटली, पायथ्याशी कोयते. रान कोणतंही असो, मांडणी तीच. पहाटे अंधारात उठून भाकरी थापायच्या, दिवा लावायला वेळ नाही, हात न बघता गेला पाहिजे. लहानपणी मला वाटायचं की आमचं एकच घर आहे आणि खाली जमीन तेवढी बदलते. वसतिगृहात गेल्यापासून सतरा वर्षांत मी एकदाही कोपीत पाय ठेवला नव्हता, आणि ते सगळं विसरलेही होते.

"काकू," मी हळूच विचारलं, "पाळणे कुठं होते?"

"गुळापाशी," त्या आधण बघत म्हणाल्या.

"हळदीची गाणी?"

"हळदीपाशीच की. वर, कोपऱ्यात." आणि मग त्या थांबल्या. चमचा हातातच राहिला. "अगं बया. मला कुठं म्हाईत होतं? हात गेला तसं ठिवत गेले मी."

मी कंप्युटर उचलून स्वयंपाकघराच्या दारात आणला. मांडणी बघायची आणि पडद्यावर लावायचं. हळदीच्या डब्याच्या जागी हळदीची गाणी. गुळाच्या जागी पाळणे. मधल्या फळीवर तिळाच्या डब्यापाशी संक्रांत. खालच्या फळीवर शेंगदाण्याचा मोठा डबा होता, तिथं राजेश्वरनं पुण्याहून पाठवलेलं बोलणं. जिथं मांडणीत मोकळी जागा, तिथं पडद्यावर मोकळी जागा. आप्पा दुकान सोडून आले आणि डब्यांची नावं ओरडून सांगू लागले, तीही बहुतेक चुकीची. काकू त्यांना तिथल्या तिथं दुरुस्त करत होत्या.

सगळं लागलं. काकू बसल्या. बाण कोपऱ्यात नेला, थटवला, तिथून हात सरकवला आणि दाबलं. संक्रांत लागली.

पुन्हा कोपरा, पुन्हा हात. आता राजेश्वर बोलू लागला.

"लई पळतंय गं हे," काकू पुटपुटल्या. "हात थोडाच हलीवते, ते फुडं निघून जातंय."

त्या माउस सोडून उठण्याच्या बेतात होत्या. मी त्यांचा हात धरला. घर तेच होतं, डबे जागेवर होते, पण नव्या घरात पावलं मोठी पडत होती. जुन्या विंडोजमध्ये माउस थोडा हलवला की बाण जेवढा जायचा, तेवढा लिनक्समध्ये जात नव्हता, पुढं जात होता. मी वेग कमी केला. "आता?" "अजून." अजून कमी केला. "आता?" "आता मागं ऱ्हायलं." केसभर वाढवला. अशी मी तासभर त्यांच्या हाताच्या मागं मागं फिरत होते. लिनक्स चांगलं की विंडोज, हा विचार त्या तासात माझ्या डोक्यात एकदाही आला नाही.

ऊन खिडकीतून सरकून मांडणीच्या खालच्या फळीवर आलं होतं. काकूंनी डोळे मिटले. उघडे ठेवूनही उपयोग नव्हता, पण मिटले. बाण कोपऱ्यात नेला. तिथून हात निघाला, न थांबता, न चाचपता, मघाशी गुळाकडे गेला होता तसाच. दाबलं.

पाळणा लागला. त्यांचा स्वतःचा आवाज, चार वर्षांपूर्वीचा, थोडा तरणा. काकू त्याच्या मागून हळूहळू गुणगुणायला लागल्या. आप्पांनी तोंड फिरवलं आणि दुकानात गिऱ्हाईक आलंय म्हणून निघून गेले. गिऱ्हाईक कुणी आलेलं नव्हतं.

"हे मॅक हाय का विंडोज?" काकूंनी विचारलं.

"लिनक्स, काकू."

"असंल. मला माझ्यावानीच दिसतंय."

निघताना त्यांनी माझ्या हातावर गूळ ठेवला आणि विचारलं, "डब्यांवरनं वळखायचं तुला कुठं सुचलं गं?" मी म्हटलं, "आईकडनं." आईकडून काही घेतलंय, हे मी कुणाला पहिल्यांदाच सांगत होते.

दुकानात आले, शटर अर्धं ओढलं आणि आईला फोन लावला. यंदा त्यांची टोळी कराडकडं होती. संध्याकाळची वेळ, मागं बैलांच्या घुंगरांचा आणि चुलीचा आवाज.

"कावून गं, अवेळी फोन? बरी हायस ना?"

"बरी हाय. आई, यंदा कोपीत मीठ कुठं ठिवलंस?"

"आता गं बया! कुठं म्हंजे? उजव्या हाताला."

"आन् तेल?"

"त्याच्या मागं. काय झालंय तुला?"

मी डोळे मिटले. उजवा हात थोडा पुढं केला. तिथं मीठ होतं, त्यामागं तेल, पायथ्याशी कोयते, सगळं जागच्या जागी. मग मी डावा हात पुढं केला, आणि तिथं काय होतं ते मला काही केल्या आठवेना.

"आई, आन् डाव्या हाताला काय असतंय?"

चुलीत काहीतरी तडकलं.

"तिथं तू निजायचीस की," आई म्हणाली. "तिथं काय ठिवत न्हाई मी. पहाटं उठताना हात जातो ना तिकडं."