मानधन मिळाले

बँकेतल्या बाकावर बसून मी चौथ्यांदा तोच हिशोब केला. चौथ्यांदा तो तसाच आला, म्हणून मला चौथ्यांदा राग आला. बी.एड.ची फी आणि वर्षाचं राहणं-खाणं धरून कर्ज साठ हजार, हप्ता तेराशे. शाळेत लागले तर पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक, महिना चार हजार. त्यातून हप्ता, कॉटचं भाडं आणि मेस गेली की उरतात सातशे. सातशे रुपयांत माणसाने पुण्यात काय करावं? तळ्यातल्या गणपतीला जावं, तेही चालत.

दुसरीकडे माझ्या पर्समध्ये हिंजवडीच्या एका कंपनीचं पत्र होतं. परदेशातल्या दवाखान्यांची बिलं कॉम्प्युटरवर चढवायची, साडेआठ हजार, न्यायला-आणायला गाडी. संध्याकाळी पाचच्या आत फोन करून हो म्हणायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला. बी.एड. कॉलेजला बँकेचं पत्र दाखवायची मुदतही नेमकी आजच संपत होती. मी घड्याळ पाहत होते, ते कुणाच्या बाजूने ते मलाच कळत नव्हतं.

शेजारी आई बसली होती. यमुनाबाई, वाशीमजवळच्या आमच्या गावच्या अंगणवाडीची सेविका. वडील गेल्यापासून कुठल्याही कागदावर सही करणारी तीच, म्हणून एवढ्या लांबून एसटीने आली होती.

"तू काहून एवढी चुळबूळ करून राहिली?" तिने विचारलं.

"काही नाही," मी म्हणाले. सदाशिव पेठेत चार वर्षं राहून मी 'काही नाही' इतकं शुद्ध म्हणायला शिकले आहे की काय आहे ते कुणालाच कळत नाही.

मला शिकवायला आवडतं, हीच तर पंचाईत. पेठेतल्या एका क्लासमध्ये मी सातवीच्या मुलांना गणित शिकवते. अपूर्णांकांची बेरीज जमली की पोरं एकदम सरळ बसतात, ते बघायला मी भर उन्हातही चालत जाते. पण सातशे रुपये आठवले की मी पुन्हा हिशोब काढून बसते.

आणि आईला मी एक गोष्ट सांगितलीच नव्हती. एकवीस वर्षं ती गावच्या पोरांना गाणी शिकवते, खाऊ घालते, त्यांची वजनं करते. त्याचे जे थोडके पैसे येतात त्यांना पगार म्हणायची सोय नाही. ते मानधन. कधी तीन महिन्यांनी येतं, कधी चार. ते आलं की तालुक्याला जायचं, रजिस्टरमध्ये आपल्या हाताने 'मानधन मिळाले' असं लिहायचं, खाली सही करायची आणि पैसे घ्यायचे. आपली पोरगी शिकून पगारावर जाणार, हे तिने गावभर सांगून ठेवलं होतं. शिक्षणसेवकालाही मानधनच मिळतं, हे तिला सांगायची माझी छाती झाली नव्हती.

कर्ज विभागाच्या रंगनाथ साहेबांनी नाव पुकारलं. आम्ही टेबलापाशी जाऊन उभ्या राहिलो.

"बसा. खुर्च्या त्यासाठीच ठेवल्यात." त्यांनी फॉर्म वाचला. "अपेक्षित पगार नऊ हजार? कुठल्या शाळेत? मीही येतो."

"म्हणजे... कायम झाल्यावर," मी म्हणाले. माझे कान तापले.

"आणि त्याआधी?"

मी पर्सचा पट्टा नीट करत राहिले. शेवटी त्यांनीच आईला सांगितलं, "त्याआधी तीन वर्षं मानधन, चार हजार. तेही जागा मिळाली तर. आपण राग मानू नका, पण नंतर वसुलीला आम्हालाच फिरावं लागतं."

आईने माझ्याकडे पाहिलं. वाटलं, आता ही उठते. आणि खरं सांगते, मला तेच हवं होतं. तिने नाही म्हटलं असतं तर मला काही ठरवावंच लागलं नसतं.

"तीनच वर्सं?" आईने साहेबांना विचारलं. "मंग संपते का ते?"

"संपतं. मग पगार. जागा टिकली तर."

"संपते म्हणतात व बाई!" आई माझ्याकडे वळून हसली. "आण पेन."

एकवीस वर्षं जे संपलं नाही ते तीन वर्षांत संपणार, यातच ती खूश होती. साहेबांचा 'तर' तिने ऐकलाच नाही. मी दोन्ही वेळा ऐकला होता.

"इथे सही करा," म्हणून साहेबांनी बोट ठेवलं. तिने पदर सावरला, फॉर्मवर वाकली आणि सावकाश लिहिलं. साहेबांनी कागद आपल्याकडे फिरवला आणि चष्मा कपाळावर चढवला.

"अहो बाई, हे काय लिहिलंत?"

सहकर्जदाराच्या चौकोनात गोल, नेटक्या अक्षरांत लिहिलं होतं: 'मानधन मिळाले'. खाली सही, सहीखाली अंगणवाडी केंद्र क्रमांक दोन.

"सही करा म्हणले ना तुम्ही," आई गोंधळली. "आम्ही अशीच करतो."

"अजून आपल्याला काही मिळालेलं नाही. मिळालं की कळवू." त्यांनी खणातून कोरा फॉर्म काढून माझ्यापुढे सरकवला. "पुन्हा भरा. चारला बंद होतं."

मी जुना फॉर्म पाहत राहिले. वर माझं नाव आणि खाली ती ओळ. अजून कॉलेज नाही, शाळा नाही, आणि माझ्या कागदावर मानधन मिळूनसुद्धा गेलं होतं. आईच्या हाताला पैशांच्या कागदावर दुसरं काही लिहायची वेळच कधी आली नव्हती. मला रडू आलं, आणि त्याहून जास्त संताप आला. तो कुणावर काढावा तेही कळेना.

कोऱ्या फॉर्मवर मी 'रुपाली' लिहिलं आणि पेन खाली ठेवलं.

"नको," मी म्हणाले.

"काय नको?"

"कर्ज." मी आईकडे वळले. चार वर्षं घासूनपुसून बोललेली माझी पुणेरी भाषा कुठे पळाली कोण जाणे. "मले पगार पाह्यजे, आई. आत्ता पाह्यजे."

आईने पेन उचलून त्याला टोपण लावलं. साहेबांनी दोन्ही फॉर्म उचलले. "उद्या विचार बदलला तर येऊ नका, मुदत आजची आहे," ते म्हणाले, पण आवाज मघापेक्षा हळू होता.

बाहेर आल्यावर मी आईला कंपनीच्या पत्राचं आणि पाचच्या आत करायच्या फोनचं सांगितलं, तशी ती माझ्या पुढे चालू लागली. स्कूटर, रिक्षा, क्लासच्या पाट्या, कशाकडे तिचं लक्ष नव्हतं. कोपऱ्यावरच्या दुकानाबाहेर नाणं टाकायचा फोन टांगलेला होता, तिथे ती थांबली.

"तुह्या क्लासातल्या पोरायचं काय?" तिने विचारलं.

"दुसरं कोणी शिकवील," मी म्हणाले. अपूर्णांकांचं अर्धं प्रकरण अजून राहिलं होतं. "रागावली का तू?"

तिने कमरेची पिशवी सोडली आणि आत बोटांनी चाचपत राहिली.

"मलेबी पगारच पाह्यजे होता," ती म्हणाली, आणि रुपया काढून माझ्या हातावर ठेवला.