रुळातला सरस

"यल्लाप्पा, शाई लावायच्या त्या रुळात काय असतं रं?"

चंपाबाईंनी छपाईचे खिळे जुळवता जुळवता, मान वर न करता विचारलं. यल्लाप्पा छापयंत्राच्या चाकाला तेल घालत होता. "गूळ, आक्का," तो म्हणाला. "गूळ कढवून ओततो."

गूळ होताच. पण निम्मा. बाकीचा निम्मा सरस, जनावराच्या कातडी-हाडांपासून काढलेला.

नवरा गेल्यावर चंपाबाईंनी निपाणीतला हा छापखाना स्वतः हातात घेतला. खिळे जुळवायला शिकल्या, साप्ताहिक काढलं, त्यावर संपादक म्हणून आपलंच नाव घातलं. गाव वर्षभर हसलं आणि मग वर्गणीदार झालं. यल्लाप्पा कामाला लागला त्याच दिवशी त्यांनी सांगितलं होतं, "आमी जैन. चामड्याची वस्तू उंबऱ्याच्या आत न्हाय आणायची." त्यानं वहाणा बाहेर काढल्या आणि सरसाच्या वड्या धोतराच्या सोग्यात लपवून आत नेल्या. सरसाशिवाय रूळ ओतता येत नव्हता, आणि रूळ तर पाहिजेच होता. अशी आठ वर्षं गेल्यावर आता खरं कुठल्या तोंडानं सांगायचं?

चंपाबाईंना बायकांसाठी व्रतकथांचं पुस्तक छापायचं होतं, म्हणून रुळाची ही चौकशी. दुसऱ्या दिवशी बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, पंचांसमोर त्या उभ्या राहिल्या. पंचांतले थोरले नेमिनाथ म्हणाले, "धर्माचं पुस्तक यंत्रात घालायचं, म्हंजे यंत्र शुद्ध पायजे."

"माझ्या छापखान्यात जनावराचं काय बी न्हाय. जिनदेवाची शपथ," चंपाबाई म्हणाल्या.

पुस्तक निघालं. बायकांनी ते सोवळ्यातल्या वस्तूंशेजारी ठेवलं.

चैत्रात उन्हानं रूळ पाघळला. चंपाबाई कागद आणायला चिकोडीला गेलेल्या बघून यल्लाप्पानं मागच्या पडवीत चूल पेटवून नव्या रुळासाठी भांडं चढवलं. कागद मिळाला नाही म्हणून त्या दुपारीच परतल्या. सुताराच्या दारातून येतो तसला वास आला. त्या पडवीत आल्या आणि भांड्यात बघत राहिल्या.

"ह्यो सरस न्हवं?"

"व्हय."

"आठ वर्षं?"

त्यानं चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

"त्या दिशी म्या इचारलं तवा का न्हाय सांगितलंस?"

"भ्यालो, आक्का."

"मी शपथ घेतली रं," त्या म्हणाल्या. एवढंच. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

साप्ताहिकाच्या पहिल्या पानावरचा मजकूर त्यांनी त्याच दिवशी जुळवला. यल्लाप्पाला वाचता येत नसे. आपण काय छापतोय ते गड्याला ठाऊक असावं, म्हणून छापण्याआधी पहिलं पान त्याला वाचून दाखवायचा त्यांचा नेम होता. आजही त्यांनी तो मोडला नाही.

"आमच्या रुळात कातड्याचा सरस आहे. मला ते माहीत नव्हते. माहीत करून घेणे माझे काम होते. माझी शपथ खोटी ठरली. व्रतकथांची पुस्तके परत आणून द्यावीत. वृत्तपत्र याच रुळावर निघेल. धर्माचे काही येथे छापले जाणार नाही."

"आक्का, माझं नाव कुठं हाय?"

"न्हाय घातलं."

"घाला की. खोटं म्या बोललो."

"तुझं नाव घातलं तर लोक म्हणतील, बाईनं गड्यावर ढकललं. संपादक मी हाय." त्या हात पुसू लागल्या. "चालव चाक."

त्यानं चालवलं. पाचशे वेळा तोच मजकूर त्याच्या हाताखालून गेला.

दोन दिवसांनी पुस्तकं परत येऊ लागली. एका बाईनं पुस्तक पदराआडून काढून उंबऱ्यावर ठेवलं आणि निघून गेली. नेमिनाथ स्वतः आले. गड्यासमोर, रस्त्यावर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बाईच्या हातात छापखाना दिला की आसंच व्हायाचं. बस्तीत उभं राहून शपथ खाल्लीस, चंपाक्का!"

चंपाबाई हात जोडून उभ्या होत्या.

यल्लाप्पा चाक सोडून पुढं आला. "आण्णा, त्यास्नी काय बोलू नगा. आक्कांनी इचारलं हुतं. म्याच खोटं सांगितलं."

नेमिनाथांनी त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. "गड्याच्या बोलण्याला काय धरायचं? मी मालकिणीशी बोलतोय."

"बरोबर हाय तुमचं, आण्णा," चंपाबाई म्हणाल्या. "चूक माझीच."

नेमिनाथ गेले. चंपाबाई परत आलेली पुस्तकं उचलून आत नेऊ लागल्या. यल्लाप्पा हातभार लावायला वाकला. मग थांबला. आपले हात त्या पुस्तकांना लागावेत, असं त्याला वाटेना. तो तसाच अर्धा वाकून उभा राहिला, आणि चंपाबाई एकट्याच खेपा घालत राहिल्या.