भाषणाचे भक्षण

“काना काय सुट्टीवर गेलाय?”

अण्णांचा तो आवाज आत्याला अजून जसाच्या तसा आठवायचा. काचेच्या केबिनमधून निघायचा, छपाईयंत्राची धडधड ओलांडायचा आणि ज्याने चूक केली नेमका त्याच्याच कानात शिरायचा.

अण्णांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, दैनिक काढलं, दादाने वाढवलं, आता दादाची लेक संपादक झाली होती. आत्या मात्र तिघांच्याही कारकिर्दीत एकाच खुर्चीवर. प्रुफं तपासून तपासून तिचं असं झालं होतं, की समोरचा बोलायचा थांबला की ती मनातल्या मनात त्याला पूर्णविराम देऊन मोकळी व्हायची.

आज दैनिकाच्या पंचाहत्तरीचा अंक होता. भाची इतिहासाचं पान मोठ्याने वाचत होती आणि आत्या प्रुफावर लाल पेन फिरवत होती. चार वाजता पान छपाईला जाणार. शेजारच्या स्टुलावर जुळारी बसला होता. छपाईच्या अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवणारा, म्हणून जुळारी. खिळे भंगारात गेले, कॉम्प्युटर आले, त्याचे गुडघेही थकले. नाव तेवढं टिकलं.

“‘अठ्ठाविसाव्या वर्षी,’” भाची वाचत होती, “‘नाट्यगृहाच्या उद्‌घाटनाची बातमी फार गाजली. भाषणाच्या जागी छापलं गेलं – प्रमुख पाहुण्यांचे भक्षण झाले. श्रोते तृप्त होऊन घरी गेले.’”

जुळारी आधी हसला. मग घसा खाकरून त्याने आपलं जुनं कवन म्हटलं:

“आठ पानांचा गं संसार
कान्यामात्रेनं सावरला,
एक क्ष वाटेत भेटला
आणि पाहुणा ताटात वाढला!”

“काका, पुढे लिहिलंय, ‘ही करामत आमच्या जुळारीकाकांची.’ चालेल ना?”

“न चालायला काय झालं? नातवंडांना दाखवीन. म्हणतील, आजोबांनी आख्खा माणूस वाढला, तोही मिठाशिवाय!”

आत्या हसली, पण हसू ओठांच्या पुढे काही सरकलं नाही. ते तीन तासांचं भाषण तिनेच ऐकलं होतं. तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. ‘अखेर सभागृहात पाहुणे आणि पंखा एवढेच उरले’, असं तिने बातमीत लिहिलं. अण्णांनी ते खोडलं आणि श्रोत्यांना तृप्त करून घरी पाठवलं. तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला. जुळारी चहाला गेला, खिळ्यांचं पान बांधून टेबलावर पडलेलं. आत्याला उलटे खिळे सुलट वाचता यायचे. पुढचं काम दोन मिनिटांचं.

दुसऱ्या दिवशी गाव पोट धरून हसलं. अण्णांनी जुळाऱ्याला पहिल्या पानावरून उचललं आणि ‘हरवले-सापडले’वर नेऊन बसवलं. तिथेच त्याची अकरा वर्षं गेली.

“पण एक सांगू का ताई,” जुळारी बोटं चोळत आत्याला म्हणाला, “मला हे अजून उमगलेलं नाही. काना पडला, मान्य. पडतो कधीकधी. पण क्षचा खण खिळ्यांच्या पेटीच्या पार त्या टोकाला. हात तिकडे गेला कधी?”

“डुलकी लागली असेल,” भाची म्हणाली.

“असेल बाई. तेव्हापासून या हातांवरचा भरवसाच उडाला बघ. प्रत्येक ओळ दोनदा चाचपायचो. घरी कुलूप लावलं तरी बायकोला म्हणायचो, तू एकदा ओढून बघ. ती म्हणायची, कुलपातही क्ष घातला का?”

तो पुन्हा हसला. या खेपेला एकटाच.

सत्तेचाळीस वर्षं आत्याही या गोष्टीला हसत आली होती. लग्नकार्यात, निरोपसमारंभात. पण कुलपाचं तिला ठाऊक नव्हतं. आणि आता हे छापून येणार होतं. छापलं की झालं. उद्या गावात कुणाला विचारलं तरी तेच सांगणार.

“आत्या, चारला पाच कमी. पान दे.”

लाल पेन ‘जुळारीकाकांची’ या शब्दावर अडून बसलं होतं.

“काही चुकलंय का?”

“हो.”

“ऱ्हस्व-दीर्घ?”

“नाही गं.” आत्याने चष्मा काढला. जुळाऱ्याकडे बघायचं म्हटलं तर त्याच्या बोटांकडेच नजर जात होती. “जुळारी, तुमचा हात तिकडे गेलाच नव्हता. तुम्ही चहाला गेलात आणि चिमटा मी उचलला. काना मी काढला, क्ष मी बसवला, अगदी ठरवून. अण्णा तुम्हाला बोलत होते तेव्हा मी प्रुफात डोकं खुपसून बसले. ही खुर्ची जाईल, याचीच भीती. तुमचा ष जागच्या जागी होता हो.”